पंचफुलाबाईचं गोल तळं

दीड एकर जागेवर एका पावसाळ्यात पाचशे टँकर पाणी पडतं, आणि तरी संक्रांत झाली की त्याच जागेवरच्या माणसांना तहानेपायी बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं, याची लाज कुणी बाळगायची, सांगा? पावसानं? वाळूनं? की फलक रोवून, फोटो काढून जाणाऱ्यांनी, आणि ते फोटो बघून माना डोलावणाऱ्या आपण सगळ्यांनी?

घाईनं उत्तर देऊ नका. आधी पंचफुलाबाईची जागा बघा.

कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यांचा फोडणीचा वास जिथं विरतो, तिथून रस्ता सोडून खाली उतरायचं. वरचा पट्टा मुरमाड, दगडासारखा. खाली आलं की पाय रुततो. नदीनं कधीकाळी कूस बदलली आणि आपलं जुनं पात्र मागं टाकून गेली, त्या टाकलेल्या पात्रात ही दीड एकर वाळवट. शहाण्या लोकांनी काळी जमीन घेतली. धनगराच्या वाट्याला ही आली. पंचफुलाबाईचा नवरा भुजंग; त्याच्या बापानं इथं झोपडं घातलं, भुजंगनं पत्र्याचं घर केलं. घरापुढं एक कडुलिंब, मागं मेंढवाडा, आणि मेंढवाड्यात चाळीस मेंढरं.

या जागेवर घागरभर पाणी ओता. तुम्ही घागर सरळ करेपर्यंत वाळूनं ते पिऊन टाकलेलं असतं. पावसाचंही तेच. म्हणून पौष लागला की भुजंग मेंढरं घेऊन निघायचा, पार सिद्धेश्वरच्या कालव्याकडं. वैशाखात परत यायचा, कारण तेव्हा गावातल्या मोठ्या शेतकरी व्यंकटरावच्या रानात मेंढरं बसवायची असत. हा इकडचा जुना रिवाज आहे: पेरणीच्या आधी मेंढरं रात्री शेतात बसवायची, लेंड्या-मुताचं खत शेताला, दाणे धनगराला. तिथं व्यंकटरावची विहीर आहे, त्यामुळं वैशाख-जेठाची चिंता नसे. अडचण होती ती पौषापासून चैत्रापर्यंतची. एवढे महिने चाळीस मेंढरांना रोज चौदा-पंधरा बादल्या पाणी. हा हिशोब पंचफुलाबाई बोटावर करते. ती शाळेत गेलेली नाही, आणि त्यामुळं तिचं काही अडलेलं नाही.

दोन वर्षांमागं एका संस्थेची जीप आली. जेसीबी आला. वीस हात लांब, वीस हात रुंद, पाच हात खोल असा शेततळ्याचा चौकोनी खड्डा झाला, त्यात प्लास्टिकची काळी पन्नी अंथरली, भोवती तार मारली, आणि खड्ड्याहून उंच फलक लावला. साहेबानं बजावलं, "जनावर आत सोडायचं नाही. पाणी बादलीनं काढायचं."

भुजंगनं मान डोलावली. पण साहेब मेंढपाळ नव्हता, आणि भुजंग दुसरं काहीच नव्हता. जन्मभर त्यानं मेंढरांना पाण्याच्या काठावर नेलं होतं. मेंढरू बादलीत तोंड घालतं खरं, पण नाइलाजानं. अर्धी पितात, अर्धी ढुशा देऊन सांडतात. पावसाळ्यात तळं भरलं. आश्विनाच्या उन्हात मोरी नावाची त्याची लाडकी मेंढी तारेला नाक लावून ओरडत उभी राहिली. भुजंगला बघवेना. त्यानं एका बाजूची तार सोडली. मोरी उतरली, मोरीमागं एकोणचाळीस उतरली. मेंढराचा खूर म्हणजे बोथट खिळा. एकशेसाठ खिळे पन्नीवरून फिरले. आठ दिवसांत तळ्याचा तळ दिसला.

फलक तेवढा उभा राहिला. पंचफुलाबाई त्यावर घोंगडी वाळत घालू लागली.

पौषात भुजंग नेहमीसारखा मेंढरं घेऊन निघाला आणि औंढ्याच्या अलीकडच्या घाटात घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ते सांधलं, पण एक पाय आखूड झाला. आता अर्ध्या कोसापलीकडं चालणं होत नव्हतं.

मुलगा भारत हिंगोलीत हळदीच्या बाजारात काट्यावर कामाला. तो सुट्टी काढून मेंढरं घरी घेऊन आला, अंगणात बसला आणि एका दमात बोलून मोकळा झाला.

"माय, इकून टाकू मेंढरं. तुमी दोघं हिंगोलीला चला. खोली ल्हान हाय, पण नळ हाय."

"तुझा बा तिथं काय करंल?"

"आराम करंल."

"आराम?" पंचफुलाबाई हसली. "त्यो आराम केला की आजारी पडतो, लेकरा."

"मंग काय, पुढल्या पौषाला पुन्हा घाटात पाठवू? या बारीला पाय गेला. पुढच्या बारीला मी कुणाला आणायला जाऊ, सांग ना?"

पोराचा आवाज फाटला. रागानं नाही, भीतीनं. आईला ते कळलं. बाजेवर भुजंग तोंड फिरवून पडला होता. तो झोपलेला नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एक साल दे," पंचफुलाबाई म्हणाली. "पुढल्या सालच्या गुढीपाडव्यापर्यंत हितंच पाणी ठेवून दावते. मेंढरं कुठं जायाची न्हाईत, तुझा बापही न्हाई. पाडव्याला पाणी नसंल, तर तुझा त्यो खेमा व्यापारी टेम्पो घेऊन येऊ दे. मी सोता मेंढरं चढवून देईन."

"वाळूत पाणी ठेवशील?"

"ठेवीन."

"कशात?"

हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी शब्द देऊन बसली. बाईमाणसानं असा शब्द दिला की लोक हट्ट म्हणतात. पुरुषानं दिला की दृष्टी म्हणतात. असो.

तेवढ्या महिन्यांपुरतं मेंढरांना टँकरचं पाणी विकत घेतलं. चैत्रात एक अवकाळी सर येऊन गेली, घटकाभराची. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू कोरडी ठक्क. पंचफुलाबाई मेंढवाडा झाडायला गेली आणि पाय सटकून दाणकन खाली बसली. बघते तर बुडाखाली पाणी. मेंढवाड्याच्या जुन्या भागात, जिथं वीस वर्षं मेंढरं बसली होती, तिथं टीचभर पाणी तुंबून होतं. रात्र उलटली तरी मुरलं नव्हतं. तिनं खुरप्यानं उकरलं. वर लेंड्यांचा भुगा, खाली हातभर वाळू असायला हवी, तर वाळू नव्हतीच. वीतभर जाडीचा काळा, चिवट थर. चपलेच्या तळासारखा. कधीतरी मेंढरांचे पाय रुतू नयेत म्हणून भुजंगच्या बापानं तिथं दोन गाड्या काळी माती टाकली होती. ती लेंड्या-मुतात मिसळून खुरांखाली वीस वर्षं दाबली गेली होती.

ती तशीच चिखलानं माखलेली घरात आली.

"अवं, उठा. तुमच्या मेंढरांनी तळं बांधून ठिवलंय, आन आपुन वीस साल त्याच्यात शेण भरून राहिलो."

"पडलीस का काय? डोक्याला लागलं का?"

"डोक्यालाच लागलं. बराबर लागलं."

पुढचे चार दिवस ती जागेभर फिरली. सरीचं पाणी कुठून कुठं पळालं याचा माग वाळूत अजून होता. वरच्या मुरमाड पट्ट्यावरून, रस्त्याच्या कडेकडेनं, सगळं पाणी एका धारेनं यायचं आणि घराच्या डाव्या अंगाला वाळूत शिरून गडप व्हायचं. म्हणजे पाणी थांबवायचं वाळूच्या आधी, मुरमावर. तिनं चुलीतली राख घेतली आणि रेघ ओढली: इथून चर, आडवा, उताराला छेद देणारा, तो फाटलेल्या तळ्यापर्यंत. तळ्याच्या तोंडाशी एक छोटा खड्डा, म्हणजे पाण्याबरोबर आलेली रेती तिथं बसेल. जास्तीचं पाणी पलीकडून दगडांवरून काढून द्यायचं, कडुलिंबाकडं.

चराला उतार फार झाला तर पाणी कडा खातं, कमी झाला तर जागेवर बसतं. नाक्यावरच्या प्रेमदास गवंड्याकडून तिनं पाण्याची नळी मागून आणली, भिंतीची पातळी बघायला वापरतात ती. एक टोक भुजंगच्या हातात, बाजेवर बसल्या बसल्या. दुसरं टोक धरून ती रानभर.

"वर घे."

"किती?"

"दोन बोटं. अगं, तुझी न्हाई, माझी बोटं!"

"तुमची बोटं हितून दिसत्यात का मला?"

राखेच्या रेघेवर खुंट्या उभ्या राहिल्या, आणि खुंट्यांना धरून तिनं रोज थोडा थोडा चर खणला. आता काळी माती हवी होती.

ती व्यंकटरावकडं होती. नाला खोल केला तेव्हाचा गाळ त्याच्या बांधाला ढीग लागून पडलेला, दोन वर्षं. पंचफुलाबाई ओट्याखाली उभी राहिली.

"मालक, यंदाच्या बसवणीला दाणे नको. त्यो गाळ द्या. बारा ट्रॉल्या. आन ट्रॅक्टर तुमचा."

व्यंकटराव सुपारी कातरत होते. "काय करती गाळाचं?"

"तळं लिंपते."

"वाळूत?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "अगं, टोपलीत पाणी भरून राहिली का तू?"

"टोपली शेणानं सारवली का तिच्यातनं पीठ गळत न्हाई, मालक. तुमच्या घरात बी तशीच टोपली आसंल."

आतून व्यंकटरावांच्या बायकोचा, मंजुळाबाईंचा आवाज आला, "हाय की. मीच सारवते. देऊन टाका गाळ, तसाही त्या ढिगात साप निघून राहिले."

व्यंकटराव हसले नाहीत, पण ट्रॅक्टर दिला. तेवढं माणूसपण त्यांच्यात आहे, नोंद असू द्या.

वैशाखात फाटकी पन्नी ओढून काढली. एक बाजू उतरती केली, मेंढरांना चढता-उतरता येईल अशी. पहिला थर पसरला: गाळ, त्यात सोयाबीनचं भुसकट, लेंड्या, वरून टँकरचं पाणी, शिंपडण्यापुरतं. आता हे तुडवायचं. खुरांनी. पन्नी फाडणाऱ्या त्याच खुरांनी.

पण मेंढरं उतरेनात. चिखल बघून मोरीनं पाय रोवले, आणि मोरी नाही म्हणजे कुणीच नाही. पंचफुलाबाईनं हाका मारल्या, पाला दाखवला, शेवटी शिव्या दिल्या. मेंढरं काठावरून तिच्याकडं बघत रवंथ करत राहिली.

ती घरात आली. "चला तुमी."

"मी न्हाई उतरत त्याच्यात," भुजंग म्हणाला.

"काहून?"

"तुला ठावं हाय काहून."

"मला येवढंच ठावं हाय, का सकाळधरनं गळा काढून राहिले आन ती मोरी माझ्याकडं आशी बघून राहिली जशी मी तिची सवत."

भुजंगला हसू फुटलं. किती महिन्यांनी, देव जाणे. त्यानं काठी घेतली. उतारावर पंचफुलाबाईनं त्याचं कोपर धरलं. दोघं चिखलात उतरली. त्यानं जिभेनं टकटक केलं, "हुर्र्यो, हुर्र्यो" अशी हलकी हाक दिली, आणि मागं वळूनही न बघता चालू लागला. मोरी उतरली. मागून सगळी.

एक आखूड पाय, एक काठी, एक बायको आणि चाळीस मेंढरं, गोल गोल. सकाळी दोन तास, ऊन कलल्यावर दोन तास. थर दाबला की नवा थर, पुन्हा पाणी, पुन्हा फेरे. भुजंग दमला की ती म्हणायची, "बसा." तो म्हणायचा, "मेंढरं थांबतील." चौथ्या दिवशी त्याचा आवाज मोकळा झाला. सहाव्या दिवशी तो मेंढरांना नावं घेऊन शिव्या देऊ लागला. पंचफुलाबाईला कळलं, माणूस परत आला.

संध्याकाळी ती त्याच्या खुब्याला कोमट तेल लावत होती, तेव्हा तो भिंतीकडं बघत बोलला.

"त्या दिशी तार मीच सोडली."

"ठावं हाय."

"ठावं हाय? आन कधी बोलली न्हाईस?"

"बोलून पाणी माघारी आलं आसतं का?" तिचा हात थांबला नाही. "मोरी वरडत व्हती. तुमी न्हाई सोडणार तर कोण सोडणार? कूस बदला, ह्या अंगाला लावू द्या."

नऊ दिवसांत काम झालं. खड्ड्याचा तळ टाच मारली तर टाच दुखावी असा.

आषाढात चर भरून वाहिला. राखेच्या रेघेवरून पाणी शहाण्या पोरासारखं चालत आलं, रेती छोट्या खड्ड्यात टाकून तळ्यात उतरलं. तळं गळ्यापर्यंत भरलं. पंचफुलाबाईनं आत बाभळीचा खुंट ठोकला, त्याला बोटा-बोटावर चिरा पाडल्या, आणि रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो खुंट बघू लागली.

श्रावणात उघडीप पडली आणि खुंट बोलू लागला. आज एक चीर, उद्या एक, परवा दोन. उन्हानं इतकं उडत नाही. पाणी कुठून तरी जात होतं. तिची भूक गेली. भुजंगला तिनं सांगितलं नाही. पण त्याला डोळे होते. तो सकाळी तिच्याआधी उठून खुंट बघायचा आणि मग झोपल्याचं सोंग करायचा. दोघंही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती.

पोळ्याला भारत आला. त्यानं तळं बघितलं, खुंट बघितला, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. ते पंचफुलाबाईला जास्त लागलं.

"बोल की. वाळूत पाणी ठेवशील का म्हून इचारत व्हतास ना."

"काय बोलू, माय."

वारा पडलेला होता. तिनं मूठभर बारीक भुसकट पाण्यावर भिरकावलं आणि काठावर बसून राहिली. भुसकट घटकाभर जागेवर तरंगलं. मग हळूहळू सरकू लागलं: थोडं या कोपऱ्याकडं, थोडं त्या कोपऱ्याकडं. मध्ये कुठंच नाही.

"कोपऱ्यातनं जाऊन राहिलं," ती पुटपुटली. "काहून पण? गाळ तर सारखाच घातला सगळीकडं."

भारत मागं उभा होता. बापामागं मेंढरं राखत वाढलेलं पोर; हिंगोलीनं त्याच्या अंगाला हळद लावली, पण डोळा धनगराचाच राहिला.

"माय, मेंढरू कोपऱ्यात कधी गेलंय का? बा पुढं गोल फिरला आसंल, मेंढरं मागं गोल. खड्डा जेसीबीनं खांदलेला, चौकोनी. चारी कोपरे कोरेच ऱ्हायले, खूरच लागला न्हाई तिथं."

पंचफुलाबाईनं पोराकडं वळून बघितलं.

"मंग उभा काहून हायेस? पँट काढ."

आणलेल्यातला दोन ट्रॉल्या गाळ काठावर उरलेला होता. चारी कोपरे गाळानं भरत आणायचे, पाण्याच्या वर येईपर्यंत, आणि पायानं तुडवायचे. भारतनं पोळ्याची सुट्टी दोन दिवसांनी वाढवली. पहिल्या कोपऱ्यात मायलेक उतरले. दुसऱ्यात भुजंगही उतरला. नाही म्हटलं तर काठी उगारली. तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मांडीभर चिखलात पाय मारत होती. काठावर मोरी उभी राहून बघत होती, आणि भारत ओरडला, "बघून काय राहिलीस? तुजंच काम करून राहिलो!" भुजंग इतका हसला की तोल जाऊन बसला, आणि मग सगळेच बसले.

चौकोनी तळं गोल झालं. खुंटावरची चीर आठ दिवसांत एक उतरू लागली. ते उन्हाचं आणि मेंढरांचं. त्याला हरकत नव्हती.

संक्रांत आली, गेली. भुजंगनं आयुष्यात पहिल्यांदा पौष आपल्या कडुलिंबाखाली काढला. त्याला करमायचं नाही. तो रोज एकदा उठून रस्त्यापर्यंत जाई, सिद्धेश्वरकडं चाललेले दुसऱ्यांचे कळप बघे, आणि परत येऊन आपली मेंढरं मोजे. चाळीस होती. माघात एकेचाळीस झाली.

पाडव्याला खेमा व्यापारी टेम्पो घेऊन खरंच आला. भारतनं वर्षामागं सांगून ठेवलं होतं आणि नको म्हणायचं विसरला होता, किंवा विसरला नव्हता. आईला पुरतं हरवायची किंवा पुरतं जिंकू द्यायची त्याची रीतच तशी. तो खेमाला घेऊन तळ्यावर आला. कपडे काढले, आत उतरला. पाणी मांडीपर्यंत आलं. काठावर पंचफुलाबाई हाताची घडी घालून उभी. तिनं गुढीलाही अजून हात लावला नव्हता.

भारत तिथंच पाण्यात उभा राहिला. खाली बघत.

"खेमामामा," तो म्हणाला, "च्या घ्या आन जावा. मेंढरं इकायची न्हाईत."

"आरं, मग बोलावलं काहून? डिझेल फुकट येतं का?"

"मामा, पोळी खाऊन जावा मंग," पंचफुलाबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. भुजंग ओट्यावरून ओरडला, "काय ठरलं?" भारत ओल्या अंगानं तसाच चालत गेला आणि बापाजवळ बसला. बस्स.

आता मेंढरं घरचं पाणी पितात, आणि चरायला फार लांब जात नाहीत. रस्त्याच्या पलीकडं माळ आहे, तिथवर. सकाळी एकदा रस्ता ओलांडतात, उन्हं उतरली की पुन्हा एकदा. एकेचाळीस मेंढरं पुढं, आणि भुजंग सगळ्यात मागं, कारण त्याचा एक पाय आखूड आहे.

एक मागणं आहे तुमच्याकडं. हिंगोली-वाशीम रस्त्यानं जाताना कनेरगाव नाक्याजवळ मेंढरं आडवी आली, तर हॉर्न वाजवू नका. गाडी बंद करा, काच खाली घ्या, आणि शेवटचं मेंढरू गेल्यावरही थांबा. मागून एक म्हातारा येत असतो. त्याला पलीकडं पोहोचू द्या.